दिवाळी घरची आणि शेजारची

परदेशातील दिवाळी हा मराठी दिवाळी अंकांमधील एक ठरलेला विषय आहे. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकांची वाट घालून दिली, पुढे मराठी माणूस परदेशी स्थिरावला तसा हा विषयही अंकांत स्थिरावला. बिघडलेली चकली, आठवणारे अंगण, दूरध्वनीवरून येणारा आईचा आवाज, असा त्याचा साचा. वर्गात अशी कथा आली की आम्ही अध्यापक तिच्यावर ‘स्मरणरंजन’ असा शिक्का मारतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. हा शिक्का आमच्या हातूनही कैक वेळा मारला गेला आहे. तो उतावीळपणाचा होता असे आता वाटते.

सप्टेंबर २०१९ पासून काही महिने आम्ही दोघे, दोघेही मराठीचे अध्यापक, इंग्लंडमधील लेस्टर येथे राहत होतो. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला, रविवारी, एकाच दिवशी आले होते. नेमक्या त्याच पहाटे ब्रिटनमधील घड्याळे तासभर मागे गेली. अभ्यंगस्नान कोणत्या घड्याळाने करावे, असा विनोद एरवी आम्ही केला असता. परंतु आमच्या घरी दिवाळी नव्हती. आमच्यापैकी एकाच्या आई, म्हणजे दुसरीच्या सासूबाई, त्याच आषाढात वारल्या होत्या.

अशा घरी पहिल्या दिवाळीला तळण काढत नाहीत, आकाशकंदील लावत नाहीत. मात्र त्या घरी फराळ नसतो असेही नाही. शेजारपाजारचे आणि नातेवाईक डबे घेऊन येतात, घटकाभर बसतात, गेलेल्या माणसाविषयी बोलतात. ज्या घराने स्वतः सण करायचा नाही, त्याचा सण भोवतालच्या घरांनी करायचा, अशी ही रीत आहे. गावी असताना ती इतकी अंगवळणी पडलेली होती की तिच्याकडे आमचे कधी लक्षच गेले नाही.

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर पणत्यांपासून बेसनापर्यंत सारे काही मिळत होते. दिव्यांच्या माळांनी तो रस्ता उजळला होता. परंतु आमच्याकडे सुतकाची दिवाळी आहे हे जाणणारे तिथे कोण असणार?

रविवारी संध्याकाळी शेजारच्या वृद्ध गुजराती बाईंनी दाराशी दिवा का नाही, असे विचारले. आम्ही कारण सांगितले. सोमवारी पाडव्याच्या सकाळी त्या घुगरे आणि मठिया भरलेला डबा घेऊन आल्या आणि तासभर बसल्या. आईंविषयी विचारले, स्वतःच्या आईविषयी सांगितले. इदी अमीनने १९७२ साली आशियाई लोकांना युगांडातून हाकलले तेव्हा त्या तरुण वयात इथे आल्या होत्या. त्याच वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, ‘आमच्या शहरात येऊ नका’ असे या लोकांना बजावले होते. तरीही ते आले. पहिल्या दिवाळीला कोणाच्या दारी जायचे हेच कळत नव्हते, असे त्या म्हणाल्या. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोन्ही घरांना ठाऊक होती. आम्ही त्यात साखर भरून दिली.

आमचा मुद्दा इतकाच आहे. ज्याला आपण घरची दिवाळी म्हणतो ती एकट्या घराला करताच येत नाही. ताट झाकून पलीकडच्या दारी नेणारे मूल आणि दुसऱ्या दिवशी परत येणारे ताट, या ये-जा करण्यात तिचे घरपण असते. परदेशातील माणसाला चकली आठवते असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा ती कोणाकडे पाठवावी हा प्रश्न पडलेला असतो. त्याच्या लेखनात या प्रश्नाचा शोध असेल, तर त्याला केवळ स्मरणरंजन म्हणणे हा वाचनातला आळस होय. अर्थात जिथे हा शोध नाही, नुसता गहिवर आहे, तिथे शिक्का खुशाल मारावा.

आणि तो मारताना आपणही कुठे उभे आहोत हे पाहावे. आमच्या वसाहतीत आता फराळ विकत येतो, काही कुटुंबे त्या दिवसांत सहलीला जातात, आणि शुभेच्छा भ्रमणध्वनीवरून मिळतात. यात कोणाचा अपराध आहे असे नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्याच इमारतीत कोणाकडे सुतकाची दिवाळी होती, हे आम्हांला सांगता येणार नाही. शेजार हरवण्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे थोडेच आहे!

लेस्टरहून परतल्यापासून अशी कथा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न आधी विचारतो: या कथेत दार कोणी वाजवले?