मूल कोण सांभाळणार?

नवरा व्यसनमुक्तीला गेला की घर बायको सांभाळते. आईच ब्राऊन शुगरमध्ये अडकली तर? येरवड्याच्या मुक्तांगणने 2009 साली बायकांसाठी 'निशिगंध' सुरू केलं. पण लोणावळा-मावळातून तिथं दाखल व्हायचं, तर लेकरू कुणाकडे ठेवायचं? बरी होऊन आल्यावर "ही कसली आई" म्हणत सासर ते देतच नाही, मग ती कशाच्या जोरावर टिकेल? ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं घेणाऱ्या आईलाही स्तनपानासाठी प्रोत्साहन द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्येच सांगितलंय. सूरह बकराची 233वी आयत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकते, तिच्याकडे चारित्र्याचा दाखला मागत नाही. जमातीनं एका मावशीला पगारावर ठेवावं: उपचार चालू असताना मूल सांभाळायला, नंतर काही महिने आईच्या सोबतीला. जकातीत बसत नसेल तर सदक्यातून. रमजानआधीच्या बैठकीत एवढं मांडाच; शिलाई मशीन वाटपाच्या आधी.