मैदानावरची पहिली दहा मिनिटे

२९ मे २०१८ रोजी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव चालू होता. एकोणीस वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर धावण्याच्या फेऱ्या मारताना अत्यवस्थ झाला. त्याला उष्माघात झाला होता. १३ जूनला रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. पुढे विद्यापीठाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करून घेतली. मैदानावर त्याच्या शरीराचे तापमान मोजलेच गेले नाही आणि त्याला बर्फाच्या थंड पाण्यात बुडवलेही गेले नाही, असे त्या चौकशीत आढळले. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी या चुकांची नैतिक आणि कायदेशीर जबाबदारी स्वीकारली. अशी घटना घडली की ‘मैदानावर जाणकार माणूस नव्हता’ असे म्हणून आपण मोकळे होतो. इथे मात्र जाणकार माणसे होती. म्हणूनच अशी माणसे कशी निवडायची, त्यांना काय शिकवायचे आणि त्यांच्या हाती कोणते अधिकार द्यायचे, हे तीनही प्रश्न एकत्रच पाहावे लागतात.

या माणसांना अमेरिकेत ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ म्हणतात. नावामुळे गैरसमज होतो. व्यायामशाळेत वजने उचलायला शिकवणारा ट्रेनर वेगळा आणि हा वेगळा. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून काळजी घेणे, दुखापत झाली तर ती जागेवर ओळखणे, प्राणावर बेतले असेल तर पहिले उपचार करणे आणि पुढे खेळाडूला मैदानावर परत आणेपर्यंत त्याचे पुनर्वसन सांभाळणे, हे याचे काम. तो डॉक्टरच्या मार्गदर्शनाखाली काम करतो, पण घटना घडते त्या क्षणी डॉक्टर बहुधा तिथे नसतो. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली आणि १९९० मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेने त्याला आरोग्यसेवेतील स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता दिली.

पूर्वी अनुभवी माणसाच्या हाताखाली ठरावीक तास उमेदवारी करून प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येत असे. ती वाट २००४ मध्ये बंद झाली आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम सक्तीचा झाला. २०१५ मध्ये त्याहून मोठा निर्णय झाला. या व्यवसायात येण्यासाठी पदवी पुरेशी नाही, पदव्युत्तर शिक्षण हवे, असे ठरले. २०२२ च्या शरद सत्रानंतर पदवी पातळीवरच्या अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेता येणार नाहीत, असा नियम झाला. बारावीनंतर थेट प्रवेश घेऊन चार वर्षांत बाहेर पडणाऱ्या मुलाला आता आधी दुसरी पदवी आणि मग साधारण दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते.

प्रवेशाच्या अटी पाहिल्या की या निर्णयामागचा विचार कळतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय महाविद्यालयीन पातळीवर आधी शिकलेले असावेत, अशी राष्ट्रीय अट आहे. याखेरीज अनेक महाविद्यालये किमान गुण, शिफारसपत्रे आणि मुलाखत मागतात. बऱ्याच ठिकाणी काम करणाऱ्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरसोबत काही तास उभे राहून ते काम पाहिल्याचा दाखलाही लागतो.

खेळाच्या मैदानावर उभे राहणाऱ्याला रसायनशास्त्र कशाला, असे कोणी विचारेल. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एखादा धावपटू तहानेपेक्षा जास्त पाणी पितो. त्याच्या रक्तातील सोडियम पातळ होते, तो भ्रमिष्टासारखा वागू लागतो आणि भोवतालचे लोक ‘पाणी कमी पडले’ म्हणून त्याला आणखी पाणी पाजतात. सोडियमचे काम कळलेला माणूस तिथे हात धरतो. गुडघा कोणत्या दिशेने पिळवटला की कोणते स्नायुबंध तुटतात, हे समजायला भौतिकशास्त्र लागते. डोक्याला मार बसलेला खेळाडू ‘मला काही झाले नाही’ असे का म्हणतो आणि त्याच्यावर विश्वास का ठेवू नये, हे मानसशास्त्र सांगते. या विषयांची यादी विद्यार्थ्यांना गाळण्यासाठी केलेली नाही. त्यातल्या प्रत्येक विषयामागे मैदानावरचा एकेक प्रसंग आहे.

प्रत्यक्ष अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे तातडीच्या प्रसंगांची यादी. हृदय बंद पडणे, श्वास अडकणे, मानेच्या मणक्याची इजा, मेंदूला मार, रक्तस्राव, अस्थिभंग, निखळलेला सांधा, तीव्र अ‍ॅलर्जी, मधुमेहातील साखरेचे चढउतार, सिकलसेलचा गुण असलेल्या खेळाडूला अतिश्रमाने होणारा त्रास आणि उष्माघात, हे सारे हाताळण्याचे कौशल्य विद्यार्थ्याकडे असावे लागते. किमान दोन शैक्षणिक वर्षे रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करावे लागते. त्यातले निदान चार सलग आठवडे वर्ग बाजूला ठेवून, पूर्ण वेळ कर्मचाऱ्यासारखे, काम करावे लागते. शेवटी राष्ट्रीय परीक्षा असते. महाविद्यालयालाही जबाबदार धरले जाते. तीन वर्षांच्या एकत्रित निकालात पहिल्याच प्रयत्नात ही परीक्षा उत्तीर्ण होणारे विद्यार्थी ७० टक्क्यांपेक्षा कमी भरले, तर त्याला सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो.

या तयारीचे मोल उष्माघातात सर्वांत स्पष्ट दिसते. श्रमाच्या उष्माघातात शरीराचे आतले तापमान ४०.५ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते आणि मेंदूचे काम बिघडते. ते नेमके कळण्यासाठी गुदद्वारातूनच तापमान घ्यावे लागते, कारण कपाळ, कान किंवा तोंडातले आकडे अशा वेळी फसवे असतात. उपचार एकच आहे. माणसाला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचे आणि तापमान ३९ अंशांच्या खाली येईपर्यंत रुग्णवाहिका थांबवून ठेवायची. आधी थंड करा, मग हलवा. मॅसॅच्युसेट्समधील फॅलमथच्या शर्यतीत अठरा वर्षांत अशा २७४ रुग्णांवर याच पद्धतीने उपचार झाले आणि एकही दगावला नाही. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले नाही, तर मात्र यकृत, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया कोलमडू लागते. मग मोठ्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागही अनेकदा हतबल होतो.

हृदयाचेही तसेच. हृदय अचानक थांबल्यावर छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळायला जितका उशीर होतो, तितकी वाचण्याची शक्यता मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथील सामन्यात डमार हॅमलिन छातीवर धडक बसून कोसळला. बफेलो संघाचे अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी लगेच त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, विजेचा झटकाही मैदानावरच दिला गेला. हॅमलिन वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा खेळू लागला. कोणी काय करायचे, याची त्या संघाने आधीच तालीम केलेली होती.

मग पदव्युत्तर शिक्षणाची सक्ती बरोबर ठरते का? समर्थकांचे म्हणणे असे की, प्रौढ आणि विज्ञानाचा पाया पक्का असलेला विद्यार्थीच एवढी जबाबदारी पेलू शकतो. विरोधकांचे म्हणणेही वजनदार आहे. शिक्षण दोन वर्षांनी लांबले, शैक्षणिक कर्ज वाढले, पगार मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. अनेक छोट्या महाविद्यालयांनी अभ्यासक्रमच बंद केले. अमेरिकेतील जवळजवळ एक तृतीयांश माध्यमिक शाळांकडे आजही अ‍ॅथलेटिक ट्रेनर नाही, आणि जिथे तो नाही तिथे मुलगा कोसळला तर इतरत्र शिकलेल्या माणसाची उच्च पदवी त्याच्या काही उपयोगाची नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर अनेक वर्षे या व्यवसायाला परवान्याची अटच नव्हती, म्हणजे कोणीही स्वतःला तसे म्हणवून घेऊ शकत होता.

विषयांची अट आणि हाताने काम करण्याचे तास कमी करणे धोक्याचे आहे, त्यात तडजोड नको. पण पदवीची उंची हे त्यासाठीचे साधन आहे. त्या उंचीमुळे मैदाने रिकामी राहत असतील, तर शिष्यवृत्ती आणि पगार यांची सोय निर्णयासोबतच करायला हवी होती. शिवाय मेरीलँडची घटना दाखवते की, ज्ञान असून भागत नाही. ‘आता थांबा’ म्हणण्याचा अधिकार प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर ज्ञान गप्प बसते. खेळाडूंच्या आरोग्याचे निर्णय आरोग्यसेवकानेच घ्यायचे, प्रशिक्षकाने त्यात हात घालायचा नाही, असा नियम अमेरिकेतील मोठ्या महाविद्यालयीन संघांसाठी २०१६ मध्येच झाला होता. नियम होऊन दोन वर्षे झाल्यावर तो मुलगा गेला. प्रशिक्षकासमोर ठामपणे उभे राहणे हेही अभ्यासक्रमात शिकवण्याचे कौशल्य आहे आणि त्याला संस्थेचे पाठबळ लागते.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवार १६०० मीटर आणि महिला ८०० मीटर धावतात. या चाचणीवर नोकरी अवलंबून असते, त्यामुळे चक्कर आली तरी कोणी थांबत नाही. शालेय स्पर्धा, कबड्डीचे सराव, गावोगावच्या मॅरेथॉन यांचेही तेच. धारेवर उभा असतो तो क्रीडाशिक्षक किंवा प्रशिक्षक. आपल्याकडे क्रीडा फिजिओथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, पण त्यातले बहुतेक जण मोठे संघ, रुग्णालये किंवा शहरातील दवाखाने गाठतात. तालुक्याच्या मैदानावर त्यांच्यासाठी पदच नाही.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपीसह अनेक व्यवसायांचे प्रवेश आणि अभ्यासक्रम देशभर एकसारखे करण्याचे काम त्यात आहे. त्या निमित्ताने अमेरिकेकडून पदवीचे नाव किंवा शिक्षणाची वर्षे उचलण्यापेक्षा तातडीच्या प्रसंगांची ती यादी उचलावी. क्रीडा फिजिओथेरपिस्टच्या शिक्षणात प्रत्यक्ष मैदानावरचे सलग आठवडे सक्तीचे असावेत. आणि पुरेसे असे लोक तयार होईपर्यंत क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात तीन गोष्टी तरी यायलाच हव्यात: छातीवर दाब देऊन जीव वाचवणे, डोक्याला मार बसलेल्याला त्या दिवशी पुन्हा न खेळवणे आणि उष्माघात झालेल्याला जागेवर थंड करणे.

तिसऱ्या गोष्टीला फार पैसाही लागत नाही. टब नसला तरी एक मजबूत ताडपत्री, भरपूर पाणी आणि बर्फाच्या लाद्या पुरतात. खेळाडूला ताडपत्रीवर निजवून चौघांनी कडा उचलून धरायच्या आणि बर्फाचे पाणी ओतून ते सतत हलवत ठेवायचे, ही पद्धत तपासून सिद्ध झालेली आहे. भरतीच्या आणि शर्यतीच्या प्रत्येक मैदानावर एवढी सामग्री आणि ती वापरता येणारी दोन माणसे असल्याशिवाय परवानगी मिळू नये. १०८ ची रुग्णवाहिका येईल, डॉक्टरही रुग्णालयात वाट पाहत असतील. पण त्यांच्या हाती रुग्ण कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हे मैदानावरच्या पहिल्या दहा मिनिटांत ठरलेले असते.