धोतर आणि पाटलोण
पेण-रोहे भागात थंडी पौषात चार दिवस पाहुणी येते आणि एखादी घोंगडी, फार तर कानटोपी, तिच्या बंदोबस्तास पुरते. तथापि वस्त्रांतून बोलणाऱ्या राजकारणाची दोन टोके याच जुन्या कुलाबा जिल्ह्याने पुरविली. पेण तालुक्यातील गागोद्यास १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा खादीच्या आखूड धोतरानिशी भूदानासाठी देशभर पायी हिंडले, तर त्यांच्याहून अवघ्या चार महिन्यांनी धाकटे, रोह्याशी ऋणानुबंध असलेले चिंतामणराव देशमुख सनदी अंमलदाराच्या विलायती कोट-पाटलोणीतून १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. पहिल्याचे वैराग्य दुरूनही दृष्टीस पडे. दुसऱ्याने १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाची वस्त्रे उतरवली, तेव्हा त्या त्यागाची गणना वैराग्यात (आमच्या मते अन्यायानेच) कोणी केली नाही.