शुद्ध पाणी आणि स्वच्छ पाणी

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, हे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. त्यानंतर तेथील सनातन्यांनी काय केले, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. तळे बाटले असे ठरवून त्यांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र मिसळलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारांच्या घोषात तळ्यात सोडल्या आणि तळे ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर केले. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले!

या घटनेच्या ४३ वर्षे आधी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू शोधून दाखवले होते. पाणी कशाने बिघडते याचे उत्तर विज्ञानाने दिले होते. परंतु जातीच्या अभिमानाला ते ऐकायचे नव्हते. पाण्याला कोणी स्पर्श केला हा प्रश्न गैरलागू आहे. पाण्यात काय मिसळले आहे, हाच खरा प्रश्न आहे. पोटाच्या आजारांचा विचार आपल्या समाजाने येथूनच सुरू करावा, असे माझे मत आहे.

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला पटकी आली ती मरीआईच्या रूपाने. साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन ठेवायचा आणि पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. गाडा हलत असे, रोगही हलत असे. विहीर मात्र तशीच राहत असे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण मरीआईला निरोप दिला. तरीही मुलाला जुलाब लागले की ‘नजर लागली’, ‘दात येत आहेत, होणारच’ असे आजही आपल्या घरांतून ऐकू येते. सर्वांत घातक समजूत म्हणजे जुलाबात मुलाचे पाणी तोडणे. देव बदलले, पण समजुती उंबऱ्याच्या आतच राहिल्या, तर धम्मस्वीकाराचे काम अपुरे राहिले असे म्हणावे लागेल.

जुलाबात जीव जातो तो बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असतील तर आतडे ती शोषून घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही शरीरात जाते. जुलाब चालू असतानाही हे घडते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे पटकी पसरली आणि सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी तो पाजला. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. औषध साधे होते आणि ते पाजणारे हात आई-बापांचे होते.

आज तेच औषध ओआरएसच्या पाकिटात आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळते. एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच पूर्ण विरघळवावे आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर थोडे थोडे पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचा मऊ आहार बंद करू नये. सहा महिन्यांवरील मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नये.

डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे, मूल सुस्त पडणे, पाणीही न पिणे, शौचातून रक्त पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरी वेळ न दवडता दवाखाना गाठावा. एरवी मात्र ‘बाटली लावा’ असा डॉक्टरांकडे आग्रह धरू नये. पोटातून जाणारे पाणी बहुतेकांना पुरते. प्रतिजैविकांच्या गोळ्याही आपल्या मनाने घेऊ नयेत. साध्या जुलाबात त्यांचा उपयोग नसतो.

आपला राजूर परिसर पाण्याच्या बाबतीत कायम ओढगस्तीचा. उन्हाळ्यात टँकर येतो, कोठे विहिरीत रिता होतो, कोठे घरोघरच्या टाक्यांत. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनासाठी गर्दी लोटते, तेव्हा पाण्यावरचा ताण वाढतो. पाणी मिळाले यातच आपण समाधान मानतो. त्यात टीसीएल पावडर पडली का, हे विचारत नाही. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारणे म्हणजे चवदार तळ्याचा लढा पुढे नेणे होय.

निवासी शाळेपुढे हा प्रश्न अधिक गंभीर असतो. शेकडो मुले एकाच टाकीचे पाणी पितात. जुलाब झाल्याचे सांगायला वसतिगृहातील मूल लाजते आणि रात्र काढते. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात लोळत पडला होता. कोणीही त्याची विचारपूस करीत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून मंचावर निजवले आणि संघाला बजावले, की आई-वडील जवळ नसलेल्यांनी एकमेकांची शुश्रूषा केलीच पाहिजे. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या शाळेसाठी याहून योग्य नियम मला ठाऊक नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. आपण कमानींना, सभागृहांना देणग्या देतो आणि त्यांवर आपली नावे कोरली जातात. यापुढची देणगी झाकणबंद टाकीला, पुरेशा शौचालयांना आणि हात धुण्याच्या ओट्यावरच्या साबणाला द्यावी. टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर लिहिली जावी आणि पाण्यातील क्लोरीन आठवीच्या मुलींनी स्वतः तपासून फलकावर नोंदवावे. साबणाच्या वडीवर कोणाचेही नाव कोरता येत नाही. तरीही ती ओट्यावर रोज असली पाहिजे.