पडद्यावरची इंग्रजी आणि पोडावरचे मूल

२०२५ सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेचा मोठा वाद पेटला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचा निर्णय राज्य शासनाने १६ एप्रिल रोजी जाहीर केला, लोकमताच्या रेट्यामुळे जूनमध्ये तो काहीसा सौम्य केला आणि २९ जून रोजी तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली. या वादात मराठीची बाजू पुष्कळांनी हिरिरीने मांडली आणि ती मांडणे अगत्याचेही होते. परंतु पहिलीच्या वर्गात तिसरी भाषा असावी की नसावी याचा खल चालू असताना, त्याच वर्गात पाव शतकापासून येऊन बसलेल्या दुसऱ्या भाषेचे काय झाले, हे विचारण्याची आठवण फारशी कोणास झाली नाही.

ती दुसरी भाषा म्हणजे इंग्रजी. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. श्रीमंताच्या मुलाला जे विकत मिळते ते गरिबाच्या मुलाला शाळेत मिळावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. मात्र हेतू आणि फळ यांमध्ये वर्गखोली असते. ‘असर’ या पाहणीने २०२३ साली देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची परीक्षा घेतली. त्यांपैकी ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्य वाचता आले, आणि ज्यांना वाचता आले त्यांतीलही सुमारे तीनचतुर्थांशांनाच त्याचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाक्य वाचून ते समजणारी मुले शंभरांत बेचाळीसच्या आसपास. अक्षरे ओळखणे म्हणजे भाषा येणे नव्हे, हे यावरून दिसते.

यावर उपाय म्हणून आता सर्वत्र ऑनलाइन साधनांचे नाव घेतले जाते. या साधनांची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. केंद्र शासनाने २०१७ साली ‘दीक्षा’ हा मंच सुरू केला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांनी याच वाटेने केलेल्या कामाचा २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराने गौरव झाला. त्याच वर्षी महामारीमुळे शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ने ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते अशांपर्यंतही धडे नेले. हे सारे मोलाचे आहे.

पडदा एक गोष्ट निःसंशय देऊ शकतो, आणि ती म्हणजे ध्वनी. आपल्याकडे इंग्रजी पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी शिकविली गेली, कानांनी नव्हे. ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी, हा भेद ज्या शिक्षकाच्या कानावर कधी पडला नाही, तो मुलांच्या ओठांवर कोठून आणणार? ही उणीव जगाला फार पूर्वी कळली होती. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ १९४३ साली सुरू केले, आणि इंग्रजीचे अध्यापन सुधारण्यासाठी हैदराबादेत मध्यवर्ती संस्था १९५८ साली स्थापन झाली. जे त्या काळी रेडिओची वेळ गाठूनच ऐकावे लागे, ते आज झरी-जामणीतील शिक्षकास हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा ऐकता येते. हा लाभ लहान नाही.

परंतु भाषा केवळ ऐकण्याने येत नाही. आम्ही काही काळ शिक्षकी पेशात घालविला आहे आणि त्या अनुभवाच्या बळावर हे सांगतो. पडद्यावरील बाई ‘व्हेअर इज द बॉल?’ असे विचारते, मुले तेच वाक्य एका सुरात म्हणतात, आणि धडा पुढे सरकतो. ‘कुठे’ या शब्दाची गरज तेथे कोणालाच पडलेली नसते. आता गुरुजींनी खडू मुठीत लपविला आणि ‘व्हेअर इज द चॉक?’ असे विचारले, की चाळीस डोळे शोधू लागतात आणि एखादे मूल चुकतमाकत उत्तर देते. चुकले तर हसत सुधारले जाते. मराठीत वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद इंग्रजीत मध्येच येते, हे व्याकरणाचा नियम न सांगताही अशा खेळातून अंगवळणी पडते. उच्चार ऐकून दुरुस्त करणारी यंत्रे आता निघाली आहेत, त्यांचा उपयोगही होईल. मात्र ज्याला काही सांगावेसे वाटते असा माणूस समोर असल्याखेरीज मूल बोलत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणीकडील कोलाम पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते. ती मराठीच्या नव्हे, तेलुगू-गोंडीच्या द्राविडी कुळातील भाषा. पुसद-दिग्रसकडील तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते, आणखी कोणी गोंडी बोलते. या मुलांना शाळेतील मराठी हीच मुळात दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. उलट पडद्यावर इंग्रजी शिकविणारे बहुसंख्य धडे हिंदीतून किंवा इंग्रजीतूनच समजावतात. न येणारी भाषा दुसऱ्या न येणाऱ्या भाषेतून शिकविण्याचाच हा प्रकार झाला. येथील विरोधाभास मन खिन्न करणारा आहे. वर्ध्याकडील कोलामीचे शास्त्रशुद्ध वर्णन करणारा इंग्रजी ग्रंथ मरे एमेनो या भाषापंडिताने १९५५ सालीच प्रसिद्ध केला. कोलामीकडून इंग्रजीकडे जाणारी विद्वानांची वाट सत्तर वर्षांपूर्वी तयार झाली. पण त्याच वाटेवरून पोडावरच्या मुलाचे बोट धरून नेणारा धडा आज शोधून सापडणे कठीण.

दुसरा प्रश्न साधनाच्या मालकीचा. ‘असर’च्या त्याच पाहणीत सुमारे नव्वद टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता, म्हणून आता अडचण संपली असे मानणारे आहेत. त्यांनी पुढचा आकडाही वाचावा. ज्यांना फोन वापरता येत होता, त्यांतील मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी केवळ १९.८ टक्क्यांकडे. घरातील फोन सकाळी बापाबरोबर शेतावर जातो आणि संध्याकाळी भावाच्या हाती पडतो. इंग्रजीचा अभ्यास घरच्या फोनवर सोपविणे म्हणजे तो मुलींच्या हातून काढून घेणे होय. जी विषमता मिटविण्यासाठी पहिलीपासून इंग्रजी आणली, तिलाच आपण अशाने नवे दार उघडून देऊ.

मग करावे काय? आमच्या मते ऑनलाइन साधनांचा पहिला विद्यार्थी मूल नसून शिक्षक असला पाहिजे. २०१६ साली राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी नऊ जिल्ह्यांत हाती घेतलेल्या ‘तेजस’ उपक्रमात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र बसत, स्वतः इंग्रजी बोलत, एकमेकांचे अनुभव ऐकत. हे सूत्र अचूक होते. केंद्र शाळेत भरणाऱ्या शिक्षण परिषदेतील एक तास केवळ यासाठी राखून ठेवण्यास कोणता मोठा खर्च येणार आहे? आज मात्र ‘ऑनलाइन’ म्हटले की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे येते ती माहिती भरण्याची घाई. ‘सरल’, ‘यू-डायस’ यांचे रकाने भरता भरता ज्याचा दिवस मावळतो, त्याने इंग्रजीचे पाठ ऐकावेत कधी?

म्हणून जिल्हा परिषदेकडे आणि पांढरकवडा व पुसद येथील आदिवासी प्रकल्प कार्यालयांकडे आमचे तीन आग्रह आहेत. इंग्रजीचे निवडक पाठ उतरवून घेऊन, इंटरनेट असो वा नसो, शाळेच्या व आश्रमशाळेच्या मालकीच्या साधनावर वर्गातच ऐकविले जावेत. मुलांच्या घरच्या फोनवर विसंबू नये. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने कोलामी, गोरमाटी व गोंडी बोलणाऱ्या शिक्षकांना हाताशी धरून त्या बोलींतून इंग्रजीकडे नेणारे छोटे ध्वनिपाठ तयार करावेत. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि शिक्षकाच्या डोक्यावरील माहितीचे ओझे कमी करून तो वेळ त्याला वाचनासाठी व श्रवणासाठी द्यावा.

इंग्रजी ही आज परिचारिकेच्या अभ्यासक्रमापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत अनेक दारांची किल्ली आहे. कापसाच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, त्या घरांतील मुलांना अशा किल्ल्यांची गरज शहरातील मुलांहून अधिक आहे. शहरातील सुशिक्षित वाचक आपल्या मुलासाठी पडदाही विकत घेईल आणि शिकवणीही लावील. ज्यांना हे दोन्ही परवडत नाही, त्यांच्या वाट्याला नुसता पडदा देऊन आपण कर्तव्यमुक्त झालो, असे समाजाने मानू नये. पडदा द्यावा, पण त्याच्या शेजारी बोलणारा, ऐकणारा आणि वेळ असलेला शिक्षक उभा करावा. तो उभा करणे हे कोणत्याही यंत्राचे काम नाही. ते शासनाचे आणि आपणा सर्वांचे आहे.