डीएनएचा आकडा आणि तज्ज्ञाची नजर

पेशीतील डीएनए संगणकाने मोजला की तज्ज्ञाची गरज उरत नाही, हे मागील पत्रातील मत टिकणारे नाही. फ्लो सायटोमीटरमध्ये रंग दिलेल्या पेशी एकेक करून लेसरसमोरून जातात. डीएनए जितका अधिक, तितका उजेड अधिक. आलेखात विश्रांतीतल्या पेशींचा एक सुळका उठतो, विभाजनाच्या तोंडावरच्यांचा दुप्पट अंतरावर दुसरा. मधल्या पेशी डीएनएची नक्कल करत असतात. एकमेकांत मिसळलेले हे गट गणिताने वेगळे काढण्याची रीत डीन आणि जेट यांनी १९७४ मध्ये मांडली. स्वयंचलनाने वेळ वाचतो, हे खरेच. पण माहूरहून खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’सारख्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना शिळा झाला, तर फुटक्या पेशींचा कचराही मधल्या गटात धरला जाऊन आकडा फुगू शकतो. म्हणून सहीपूर्वी आलेख तज्ज्ञाने डोळ्यांखालून घालावाच.

— एक वाचक, माहूर