आमच्या म्हातारीच्या वासाचं काय करायचं?

कुठलाही दिवाळी अंक उघडा. दहा पानं उलटली की आजी येतेच. धुवट नऊवारी, साजूक तूप, देवघरातली समई, कापूर, परसात प्राजक्ताचा सडा. आजोबा झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरताहेत, नातू मांडीवर रामरक्षा म्हणतोय. लेखक हळवा होतो, वाचक हळवा होतो, संपादकाचा एक फॉर्म भरतो. ठीक आहे. ज्याची आजी तशी होती त्यानं तसं लिहावं, आपल्या बापाचं काय जातं?

माझं भांडण आपल्याच पोरांशी आहे. परवा एका मित्रानं कविता वाचून दाखवली. हा वसाहतीत वाढलेला, आज्जा झाडूखात्यात. कवितेत आजीच्या हाताला तुळशीचा वास. म्हटलं, गड्या, तुझ्या आजीला मी पाह्यलंय, तिच्या हातचं खाल्लंय. तिच्या हाताला सुकटीचा वास यायचा. हा म्हणतो, ते कवितेत बरं दिसत नाही.

म्हणजे बघा. शाळेत जात सांगताना लाजलो, नोकरीत आडनाव सांगताना चाचरलो, आणि आता मेलेल्या आजीलाही आंघोळ घालून, केसात तुळस खोवून साहित्यात न्यायची. तिथल्या दरवाज्यावर कोण उभा आहे म्हणून?

माझी म्हातारी मिश्री भाजायची तेव्हा अख्खा मजला शिंकायचा. पत्र्याच्या तुकड्यावर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची आणि तळहातावर चुरायची. वरळीच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, तीत नऊ माणसं, कोपऱ्यात वाकळांचा ढीग, मजल्यावरच्या सामाईक संडासाकडून येणारा वारा, रॉकेलचा स्टोव्ह, आणि ह्या सगळ्याच्या वर तो भाजक्या तंबाखूचा वास. आजही फुटपाथवर कुणी बाई मिश्री भाजत असली की माझे पाय थांबतात. कामाला उशीर होत असला तरी थांबतात.

पण ती मिश्री कशासाठी लावायची, हे मी तिला फार उशिरा विचारलं. म्हणाली, "भूक मरती रं. रोजगाराला जाताना भाकरी येक आन् खाणारी तोंडं चार. मिश्री लावली का दुपार निघती." आता बोला. ह्या वासावर हळवं कसं व्हायचं? आणि न होऊन तरी कसं चालेल? तुपाच्या वासावर हळवं होणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या आठवणीच्या मागे भरलेलं ताट आहे. आपल्या आठवणीच्या मागे मारलेली भूक आहे. आपली आठवण सरळ उभी राहूच शकत नाही, ती लंगडतच येते. तिला तसंच येऊ द्या.

आज्ज्याचा वास वेगळा. मी जन्मलो तेव्हा गिरणी संप होऊन बारा वर्षं उलटली होती. १८ जानेवारी १९८२ ला जे बाहेर पडले त्यातला तो एक. पुढे कुठं वॉचमनकी कर, कुठं हमाली कर, असं करत संपला. पण त्याची गिरणीतली खाकी अर्धी चड्डी म्हातारीनं लोखंडी पेटीत ठेवली होती. पेटी उघडली की मशीनच्या तेलाचा आणि जुन्या कापसाचा वास यायचा. आम्ही पोरं नाक दाबायचो. म्हातारी मात्र ती चड्डी झटकून, घडी घालून पुन्हा आत ठेवायची. काही बोलायची नाही.

आज्जा रिंगखात्यातला. त्याचा बापही रिंगखात्यातला. का? कारण साचेखात्यात पगार जास्त होता आणि तिथं धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागायचं. अस्पृश्यानं तोंड लावलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, म्हणून आपली माणसं साच्यावर नकोत. ह्यात सनातनी भटजी नव्हते, कामगार होते. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला होता. आज्जा कामाला लागला तेव्हा तशी उघड मनाई उरली नव्हती, पण बापानं आपल्याच खात्यात पोराला बदलीवर चिकटवायचं ही रीत होती. खातं वारशानं आलं. तेव्हा त्या चड्डीला जो वास आहे तो नुसता गिरणगावाचा वास नाही. तो रिंगखात्याचा वास आहे. गिरणगावावर हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी एवढं एक खातं तरी वेगळं मांडावं. आता लोअर परळला त्या जमिनींवर टॉवर आहेत. एखादी चिमणी शोभेला ठेवलीय. तिथल्याच एका एसी हापिसात मी फायली चाळतो, आणि तिथं कसलाच वास येत नाही. साबणाचासुद्धा नाही.

आता चान्यांकडे येतो, कारण खरी बोंब तिथंच होते.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या. दोरीवर वाळत घालायच्या, गाडग्यात भरून ठेवायच्या, आणि पावसाळ्यात काही नसलं की विस्तवावर भाजून भाकरीबरोबर खायच्या. म्हातारी लग्न होऊन गावी, सातारा जिल्ह्यात, आली तेव्हा सासूच्या घरात गाडगं होतं. गावात ढोर मेलं की ओढायचं काम आपलं, आणि ओढल्याची मजुरी म्हणजे तेच मांस. गावाचं घाण काम करायचं आणि गावानंच पुन्हा म्हणायचं, हे घाण खातात. वतन म्हणतात ते हे.

महाडला १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली, तिथं बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून सांगितलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मनुस्मृती जाळली त्या परिषदेत, बायांना वेगळं बोलावून सांगितलं की घरात मेल्या ढोराचं मांस येऊ देऊ नका. आमच्या गावापर्यंत हे पोचायला पंचवीसेक वर्षं लागली. गावानं ओढायला बोलावलं तेव्हा आपली माणसं गेली नाहीत. मग बलुतं बंद, रोजगार बंद, पाण्याचा वांधा. आणि त्याच आठवड्यात माझ्या म्हातारीनं, तेव्हा सतरा-अठरा वर्षांची पोरगी, सासूचं गाडगं ओढ्यावर नेऊन फोडलं. सासूनं तिला लाकडानं मारलं. घरात दुसरं खायला काही नव्हतं, हे सासूचं म्हणणं. ते खोटं नव्हतं.

हे मला म्हातारीनं सांगितलं ते हसत हसत. आणि मग हळूच म्हणाली, "पर भाजल्याव वास काय सुटायचा रं!"

हे वाक्य मी एका बैठकीत सांगितलं तर एक ज्येष्ठ कार्यकर्ते उखडले. असलं सांगून समाजाची बेअब्रू करू नका, बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितलं, तुम्ही पुन्हा उकरून काढता. मी त्यांना मानतो, त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण साहेब, बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं. विसरायला कधी सांगितलं? १९०१ साली मसूरच्या स्टेशनावर उतरून वडिलांकडे निघालेली पोरं रात्रभर बैलगाडीत पाण्यावाचून तडफडली, हे त्यांनी मोठेपणी स्वतः लिहून ठेवलं. विसरायचं असतं तर कशाला लिहिलं असतं? आणि माझ्या म्हातारीनं गाडगं फोडलं त्याची किंमत तुम्हाला कळणार कशी, जर त्या गाडग्यातल्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं हेच तुम्ही खोडून टाकलंत? नावडतं टाकून द्यायला काय लागतं? आवडतं, आणि पोट भरणारं एकमेव, ते फोडलं तिनं. हा विद्रोह आहे. माझ्या मते ह्याच्याइतका मोठा विद्रोह आमच्या घरात पुन्हा झाला नाही.

दुसऱ्या टोकाला नवे हौशी आहेत. ह्यांना आपलं खाणं आता 'वेगळी खाद्यसंस्कृती' म्हणून हवंय. काचेच्या ताटात वजडी, शेजारी लिंबाची फोड, मोबाइलवर फोटो. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. ते वाचा, त्यात मराठवाड्यातल्या आपल्या आणि मांगांच्या घरांतलं खाणं भुकेच्या हिशेबासकट आहे. ह्यांना हिशेब नको, नुसती चव पाहिजे. आणि गंमत बघा, त्याच २०१५ च्या मार्चमध्ये ह्या राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईवर आधीपासून होतीच. मांस नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं होतं. पुढे मे २०१६ मध्ये हायकोर्टानं राज्याबाहेरून आणलेलं बाळगण्यापुरतं ते कलम उडवलं. म्हणजे मेलेलं खाल्लं तेव्हा गावानं घाण म्हटलं, आणि दुकानातून पैसे मोजून ताजं आणलं तेव्हा सरकारनं गुन्हा म्हटलं. आपण नेमकं काय खाल्लं म्हणजे ह्यांचं समाधान होणार होतं?

बोलण्याचंही तसंच. वास जसा अंगाला चिकटतो तशा म्हणी जिभेला चिकटतात. 'गाव तिथं म्हारवाडा' ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. चांगल्या घरांतली माणसं वापरतात, सहज, चहा पिता पिता. अर्थ काय, तर कुठंही गेलात तरी थोडी घाण असायचीच. शाळेत एका गुरुजींनी ती फळ्यावर लिहून वाक्यात उपयोग करायला सांगितला होता. मी घरी येऊन रडलो. म्हातारी भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "खरंच हाय की. आमच्याबिगर कुठलं गाव उभं ऱ्हायलंय? सांग तुज्या मास्तरला." मी सांगितलं नाही, हिंमत नव्हती. पण ती म्हण तेव्हापासून माझ्या कानात तिच्याच आवाजात वाजते.

सगळंच तिनं असं उलटवलं नाही. १९५६ नंतर देवांचे टाक नदीत सोडले, जोहार तोंडातून गेला, जय भीम आला. तरी पायाला ठेच लागली की "आय गं मरीमाय" निघायचंच. बाप ओरडायचा, आये, आपण बौद्ध हाय. ती म्हणायची, "मी बौद्धच हाय, ठेच जुनी हाय." दोस्तहो, ह्या बाईला शुद्ध करायला जाऊ नका.

आणि एक आवाज. पाट्यावर वरवंटा आपटला की ती दचकायची. स्वतः वाटताना नाही, वरच्या मजल्यावर कुणी वाटायला लागलं की. जानेवारी १९७४ च्या वरळीच्या दंगलीत वरून काय काय पडलं ते तिनं पाह्यलं होतं. त्याच महिन्यात परळच्या मोर्चात वरून आलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. पुढे पन्नास वर्षं ती गॅलरीखालून जाताना डोक्यावर पदर घ्यायची. लोकांना वाटायचं मर्यादा. दगडापुढं पदर काय करणार, पण हात जायचा.

ती दोन वर्षांमागे गेली. आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी केली. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, आमचा नंबर त्यात नाही. तोवर उपनगरात भाड्यानं राहतोय. टेम्पोत जागा कमी होती तरी आईनं पाटा-वरवंटा आणि ती लोखंडी पेटी टाकायला दिली नाही. पाटा आता वॉशिंग मशीनच्या शेजारी उभा आहे.

नव्या जागेत पहिल्या रविवारी आईनं बोंबील भाजले. अर्ध्या तासात सोसायटीचा सेक्रेटरी दारात. फार गोड बोलला. "काकू, तसा काही नियम नाही हो, पण जिन्यात वास येतो, लोक विचारतात कोण राहायला आलंय." कोण राहायला आलंय! खाल्लं काय हे कुणी विचारत नाही, आलंय कोण हे विचारतात. नाक ह्या देशात जातीचा दाखला तपासतं.

बाप म्हणतो, कशाला कटकट, खिडक्या लावून घे, नाहीतर बोंबील बंद कर, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. आई दर रविवारी खिडक्या उघडून भाजते. सेक्रेटरी दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तर त्याला आत घेऊन पाटावर बसवायचा आणि ताट वाढायचं, असं आईचं म्हणणं आहे. बाप दुसरी खोली बघतोय. घरात ह्यावरून बोलणं बंद आहे, आणि मी आईकडून आहे.